मक्याच्या राखणीला बंदूक घेऊन बसताना कान आणि डोळे कसे जपायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर तालुक्यात मका आणि सोयाबीन, रानडुकरांचा उपद्रव, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची १२ बोअरची दुनळी. हंगामात आठवड्यातून दोन-तीन रात्री बार काढावा लागतो. कानात कापसाचे बोळे असतात, डोळ्यांवर काहीच नसतं. बार झाला की डाव्या कानात कुईं असा आवाज सुरू होतो आणि सकाळपर्यंत जातो. धाकटा भाऊ शेजारी बॅटरी धरून उभा असतो. विचारलंय ते असं: कापूस पुरतो का, चष्मा कोणता घ्यावा, आणि कान बंद केले तर बिबट्याची किंवा माणसाची चाहूल कशी लागणार?

आधी त्या कुईं आवाजाबद्दल, कारण तो तुम्ही समजता तितका साधा नाही. आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसासारख्या बारीक पेशींच्या रांगा असतात, एका कानात साधारण १५ हजार. आवाजाच्या लाटेने या पेशी डोलतात आणि मेंदूला संदेश जातो. बाराचा दणका बसला की त्यातल्या काही वाकतात, काही तुटतात. वाकलेल्या काही तासांनी सावरतात, म्हणून सकाळी कान मोकळा वाटतो. तुटलेल्या पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, शस्त्रक्रियाही नाही. म्हणजे ‘सकाळपर्यंत जातं’ याचा अर्थ ‘भरून येतं’ असा घेऊ नका. दर वेळी थोडं गमावून उरलेल्यावर काम चालू असतं.

डावाच कान का, याचंही कारण आहे. उजव्या हाताने नेम धरणारा उजवा गाल दस्त्यावर टेकवतो, त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. डावखुऱ्याचं बरोबर उलटं होतं. नुकसान बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे बारीक, तीव्र आवाजांत सुरू होतं. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं याच भागात येतात. म्हणून असा माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ ‘सात’ म्हटलं की ‘आत’ ऐकू येतं, लहान मुलांचं बोलणं निसटतं, लग्नाच्या मांडवात शेजारी काय बोलतो ते लागत नाही. ढोलाचा आणि ट्रॅक्टरचा आवाज मात्र ठणठणीत ऐकू येतो, त्यामुळे बहिरेपण येतंय हे वर्षानुवर्षं मानलंच जात नाही.

आता आकडे. कारखान्यात ८ तास सोसायचा आवाज साधारण ८५ डेसिबलपर्यंत ठीक मानतात. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही: ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. १४० डेसिबलच्या वरचा एकच ठोका कानाला कायमची इजा करू शकतो. १२ बोअरचा बार साधारण १५० ते १६० डेसिबलचा असतो, नळी आखूड असेल तर वरच्या बाजूला. तेव्हा ‘मी काय, रात्रीत एक-दोनच बार काढतो’ ही सबब इथे चालत नाही. इजेला एक बार पुरतो.

कापसाचा बोळा यातले जेमतेम ५ ते १० डेसिबल अडवतो. हवा त्याच्यातून आरपार जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. मफलर, कानटोपी, उपरणं यांचंही तेच. ओला कापूस, मेण लावलेला कापूस, बोटं, काडतुसाची रिकामी पुंगळी असे प्रकार सोडून द्या. पुंगळी कानात घालणं तर धोक्याचं आहे, धक्का लागला तर पडदा फाटतो.

घ्यायचं ते फोमचं इअरप्लग. नाशिकच्या सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या भागात कारखान्यांना सेफ्टीचं सामान पुरवणारी दुकानं आहेत, तिथे जोडी काही रुपयांत मिळते. पाकिटावर ‘एनआरआर’ हा, किती आवाज अडतो ते सांगणारा आकडा बघा, चांगल्या प्लगचा २९ ते ३३ असतो. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, तिथे माणसाने ते नीट बसवलेलं असतं. शेतात त्याच्या निम्मं हाती लागलं असं धरून चाला. सगळा फरक बसवण्यात आहे, आणि दहातले सात-आठ जण तिथेच चुकतात असा आमच्या क्षेत्रातला नेहमीचा अनुभव.

बसवायची रीत अशी. हात साबणाने धुवा. द्राक्षाला फवारणी करून आलेला हात, बोर्डो किंवा दुसरं बुरशीनाशक बोटांना लागलेलं, आणि त्याच बोटांनी वळलेला फोम थेट कानात गेला तर कानाची आग होते आणि खाज महिनाभर पुरते. हात कोरडे करून प्लग तीन बोटांत धरा आणि उदबत्ती वळावी तसा बारीक, लांबट वळा. त्याला सुरकुती किंवा घडी पडू देऊ नका, कारण कानात फुगल्यावर त्या घडीचीच फट राहते. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा. मोठ्या माणसाच्या कानाची नळी वाकडी असते, ती या ओढीने सरळ होते. वळलेला प्लग लगेच आत सरकवा, बोटाचं टोक त्यावर ठेवा आणि २० ते ३० सेकंद तसंच धरा. थंडीत मिनिटभर. निफाड-सिन्नरकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा गार फोम कडक होतो आणि फार सावकाश फुगतो. जोडी आधी खिशात अंगाशी ठेवा.

बसलं की नाही ते असं ओळखा. आरशात समोरून पाहिलं तर प्लगचं टोक कानाच्या भोकाबाहेर लोंबताना दिसायला नको. मोठ्याने बोललात तर स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला पाहिजे. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि काढा. दाबल्यावर बाहेरचा आवाज बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेलं नाही. काढून पुन्हा वळा. फोमचं प्लग धुवून फारसं टिकत नाही, मळलं किंवा दाबल्यावर लवकर फुगेनासं झालं की टाका. रोज चिखलात हात असतील तर तीन चकत्यांचं रबरी प्लग बरं. ते वळावं लागत नाही, देठाला धरून घालता येतं आणि साबणाने धुता येतं. त्याचं अडवणं फोमपेक्षा थोडं कमी असतं.

इअरमफ, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाट्या, घालायला सोप्या आणि चुकायला कमी. पण बंदुकीच्या बाबतीत दोन अडचणी येतात. जाड वाटी दस्त्याला अडते, मग गाल नीट टेकत नाही, वाटी खालून उचकटते आणि नेमका बाराच्या क्षणी आवाज आत शिरतो. म्हणून खालची कड निमुळती असलेली पातळ वाटी घ्या आणि रिकामी बंदूक खांद्याला लावून दुकानातच बघा. दुसरी अडचण गादीखाली येणाऱ्या वस्तूंची. चष्म्याची जाड काडी, टोपीची कड, उपरण्याची घडी यांतलं काहीही गादीखाली आलं की फट पडते आणि काही डेसिबल सहज वाया जातात. वाट्या कातडीवर बसल्या पाहिजेत, उपरणं वरून गुंडाळा. गादी घामाने कडक होते, चिरते, ती सहा महिने ते वर्षभरात बदला. अख्खा मफ ट्रॅक्टरच्या टपावर उन्हात टाकू नका.

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक, आखूड नळी, पत्र्याच्या शेडखालून किंवा विहिरीच्या कठड्याआडून काढलेला बार, अशा ठिकाणी आत प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाला. दोघांची बेरीज होत नाही. दोघांतल्या मोठ्या आकड्यात साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण उरलेला आवाज कवटीच्या हाडातून आत जातो. तरी ती पाचाची भर मोलाची आहे. पत्र्याखाली आवाज वरून परतून येतो, म्हणून शक्य असेल तर बार उघड्यावरच काढा.

आता तुमचा खरा प्रश्न, चाहुलीचा. तो अगदी रास्त आहे. सिन्नर-निफाड-दिंडोरी पट्ट्यात उसात आणि मक्यात बिबट्याचा वावर असतो, पाणी धरायला आलेला शेजारी अंधारात असतो, आणि राखणीला बसलेल्या माणसाचे कान हीच त्याची पहिली राखण. म्हणून बरेच जण प्लग खिशात ठेवतात आणि डुक्कर दिसल्यावर घालू म्हणतात. प्रत्यक्षात डुक्कर दिसल्यावर हात बंदुकीकडेच जातो. कानाचं साधन बसल्यापासून उठेपर्यंत घालून राहता येईल असंच हवं, नाहीतर ते असून नसल्यासारखं.

त्यासाठी दोन पर्याय आहेत. पहिला इलेक्ट्रॉनिक मफ. बाहेर मायक्रोफोन, आत लहान स्पीकर. पाचोळ्याचा, बोलण्याचा आवाज तो उलट वाढवून देतो आणि ८० ते ८५ डेसिबलच्या पुढे गेलं की आतला आवाज दाबतो. वाटी स्वतः नेहमीच्या मफसारखी अडवतेच, म्हणून सेल उतरले तरी संरक्षण जात नाही, फक्त चाहूल लागायची थांबते. सेलची एक जोडी खिशात ठेवा. एनआरआरचा आकडा बहुतेकांचा २२ ते २३ असतो, तेव्हा दणका मोठा असेल तर आत फोम घालून वरून याचा आवाज वाढवा. वाऱ्यात मायक्रोफोन फुरफुरतो, त्यावर स्पंजचं टोपण असलेला घ्या. आणि दिशेचा अंदाज उघड्या कानापेक्षा थोडा चुकतो हे लक्षात ठेवा. आवाज आला त्या दिशेला नळी वळवायची नाही, आधी बॅटरी.

दुसरा पर्याय स्वस्त आहे: बारीक भोकाचं फिल्टर असलेलं प्लग. हळू आवाज त्या भोकातून जातो, दणका आला की हवेचा झोत तिथेच अडखळतो. सेल लागत नाहीत, घामाचं भय नाही. मोठ्या सततच्या आवाजाला ते निरुपयोगी, तेव्हा ट्रॅक्टर किंवा थ्रेशरवर घालू नका.

भावाबद्दल काळजीने लिहितो, कारण त्याचं नुकसान तुमच्यापेक्षा जास्त होत असणार. नळीच्या तोंडापुढे आणि बाजूला आवाज मागच्यापेक्षा मोठा असतो. बॅटरी धरणारा माणूस उजेड पडावा म्हणून हमखास एक पाऊल पुढे उभा राहतो. बाराचा क्षण त्याला माहीत नसतो, त्यामुळे तो तोंड वळवत नाही, कान झाकत नाही. त्याला तुमच्या खांद्याच्या मागे उभा करा, त्याला तुमच्याइतकंच साधन द्या, आणि बाराआधी खुणेचा एक शब्द ठरवा. पोरं मचाणावर नकोतच.

डोळ्यांकडे वळू. नेम धरताना डोळा नळीच्या मागच्या टोकापासून वीतभर अंतरावर असतो. काडतुसाची टोपी फुटली किंवा जुनी पुंगळी चिरली तर गरम वायू आणि न जळलेले दारूचे कण मागे येतात. ठासणीच्या बंदुकीत हे नेहमीचंच आहे, घोडा पडला की टोपीचे तांब्याचे तुकडे उडतात आणि ते थेट बुबुळात रुततात. रात्री मक्याच्या पानाची धार आणि बाभळीचा काटा हे बारापेक्षाही जास्त वेळा डोळ्याला लागतात. शिवाय छर्रे आपटून परततात. आपल्याकडे बांध काळ्या पाषाणाचा, आणि शेततळ्याच्या पाण्यावरून कमी कोनात छर्रा चपटा दगड उडावा तसा उडतो.

चष्मा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे चिवट प्लास्टिकच्या काचेचा घ्या, आणि काडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात खूण शोधा: अमेरिकन मानकाची ‘झेड८७+’, युरोपीय ‘ईएन १६६’ आणि पुढे ‘एफ’, किंवा भारतीय ‘आयएस ५९८३’. ‘झेड८७’ पुढचं ‘+’ महत्त्वाचं. त्याचा अर्थ पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने मारूनही काच फुटलेली नाही. समोरून जवळून आलेल्या छर्‍यांना हा चष्मा थोपवणार नाही, त्यांचा वेग सेकंदाला ३५० मीटरच्या वर असतो. परतलेला, वेग हरवलेला छर्रा, टोपीचा तुकडा, काटा यांना मात्र तो थोपवतो. कानशिलाकडून गोलाई असलेला, नाकावर घट्ट बसणारा, पातळ चपट्या काडीचा घ्या, म्हणजे मफची गादीही बसते.

फवारणीचा गॉगल चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. तो औषधाचे शिंतोडे अडवायला असतो. त्यावर वरची खूण नसेल तर तो बंदुकीसाठी धरू नका. नंबरचा साधा चष्माही नको. त्यात जुनी काच असेल तर ती फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जातील. नंबर असेल तर चष्मेवाल्याकडून पॉलिकार्बोनेटची काच करून घ्या, मधली जाडी किमान २ मिलिमीटर सांगा, किंवा वरून घालायचा मोठा सेफ्टी चष्मा घ्या.

रंगाचं सरळ आहे. रात्री पांढरीच काच. पिवळी काच तिन्हीसांजेला आणि ढगाळ उजेडात कडा ठळक दाखवते, पण अंधार पडल्यावर ती उजेड खाते. काळी दुपारपुरती.

काच धुकटते म्हणून लोक चष्मा कपाळावर चढवतात, आणि इजा तेव्हाच होते. बाजूने हवा खेळेल असा घ्या. पातळ साबणपाण्याचा थर दोन्ही बाजूंनी लावून मऊ कापडाने चमक येईस्तोवर पुसला तर तास-दोन तास वाफ धरत नाही. नाका-तोंडावर उपरणं बांधू नका, श्वास वर जाऊन काचेवर बसतो. धूळ आधी पाण्याने धुवा, मग पुसा. सुक्या धुळीवर शर्टाचं टोक फिरवलं की चरे पडतात, आणि चरे पडलेल्या काचेत रात्री बॅटरीचा उजेड पिंजून दिसतो. पेट्रोल, थिनर, रॉकेलने काच पुसू नका, पॉलिकार्बोनेटला न दिसणाऱ्या भेगा जातात.

बंदूक साफ करतानाही चष्मा उतरवू नका. नळीतून कुंचा बाहेर निघताना तेलाचे थेंब उडतात, स्प्रिंग सुटली तर ती तोंडावरच येते. आणि पावसाळा संपल्यावर पहिल्या रात्रीआधी नळीतून उजेड पाहा, बंदूक मधून उघडून, काडतूस नसताना. कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते. ते आत असताना बार झाला तर नळी फाटते. २० बोअरचं काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेलं तर ते पुढे नळीत अडकतं, मागून १२ चं घातलं की स्फोट. दोन्ही आकारांची काडतुसं एका पिशवीत ठेवू नका. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, ठासणीच्या बंदुकीत दोन मिनिटं, मगच उघडा.

हवेत बार काढताना खालच्या वस्त्या डोळ्यांसमोर असू द्या. ६ नंबरचा छर्रा २०० मीटरच्या आसपास जातो, एलजीचा मोठा छर्रा ६००-७०० मीटर. भिववायला एलजी किंवा गोळी कधीच वापरू नका. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायचं तर वन विभागाची लेखी परवानगी हातात हवी, नुसता बंदुकीचा परवाना पुरत नाही. येवल्याकडे ममदापूर-राजापूरच्या काळविटांवर तर बंदूक रोखायचीही नाही.

बंदूक नको म्हणून काही जण पाइपची कार्बाइड गन वापरतात. ती बंदुकीपेक्षा सौम्य मुळीच नाही. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो, ठिणगी देऊनही कधी उशिरा पेटतो, आणि ‘का उडेना’ म्हणून माणूस पाइपात डोकावतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा नळ्यांनी अनेक मुलांचे डोळे भाजले. भाजण्यासोबत चुन्यासारखा जळजळीत गाळ डोळ्यात जातो आणि तो आत आत खात जातो. तसं झालं तर तिथल्या तिथे, पापणी उघडी धरून, स्वच्छ पाण्याने सलग २० ते ३० मिनिटं धुवा आणि मग दवाखाना.

तुकडा किंवा छर्रा डोळ्यात रुतला असेल तर मात्र पाणी नको, चोळणं नको, काढायचा प्रयत्न नको. कागदी कप कापून किंवा छोटी वाटी डोळ्यावर अशी बसवा की ती हाडावर टेकेल, डोळ्याला लागणार नाही. वरून पट्टी. दूध, मध, तूप काही घालायचं नाही. खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. डॉक्टरांना ‘धातू असू शकतो’ हे आधी सांगा, कारण धातू आत असताना एमआरआय करता येत नाही.

तुमच्या डाव्या कानाचं ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, भावाच्या दोन्ही कानांचं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे अर्ध्या तासाचं काम आहे. जायच्या आधी निदान १४ तास बार, ट्रॅक्टर, थ्रेशर काही नको, म्हणजे आदल्या रात्री राखणीला दुसऱ्या कुणाला बसवा, नाहीतर तात्पुरता कमीपणाही आकड्यात येतो. आलेख ४,००० हर्ट्झला खाली खचलेला दिसला तर ते मोठ्या आवाजाचं, बहुधा बाराचं काम समजा, आणि तो कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या तपासणीशी ताडून बघायला. एखाद्या बारानंतर कान एकदम बंद झाला किंवा शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर आठवडाभर वाट पाहू नका, त्याच दिवशी जा. औषधाचा काही उपयोग व्हायचा असेल तर ते जितक्या लवकर सुरू होईल तितका होतो.